ब्रिजर्टनमधली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कोणी नव्याने 'ब्रिजर्टन' ही मालिका पाहायला बसलं की अर्ध्या तासात प्रश्न सुरू होतात. ही कोणाची मुलगी? तो हिचा भाऊ की होणारा नवरा? त्या राणीला एवढं काय पडलंय? बहिणीला, मावशीला, ऑफिसातल्या मैत्रिणींना मी ही उत्तरं इतक्या वेळा दिली आहेत की आता एकदाच नीट लिहून ठेवते. पहिल्या तीन पर्वांत काय घडतं ते खाली काहीही न लपवता सांगितलं आहे, त्यामुळे ज्यांचं पाहायचं बाकी आहे त्यांनी आधी ते पाहून यावं.

गोष्ट नेमकी कोणाची आहे?

एका घराची. लंडनमध्ये ग्रोव्हनर स्क्वेअरवर ब्रिजर्टन कुटुंब राहतं. घरात विधवा आई व्हायोलेट आणि तिची आठ मुलं. साल १८१३. चौकाच्या पलीकडच्या बाजूला फेदरिंग्टन कुटुंबाचं घर. या दोन घरांत आणि राणीच्या महालात मिळून बहुतेक सगळी गोष्ट घडते.

ज्युलिया क्विन यांनी या आठ भावंडांवर आठ कादंबऱ्या लिहिल्या, प्रत्येकाची एक. त्यावरून ख्रिस व्हॅन ड्यूसेन यांनी मालिका उभी केली आणि शोंडा राइम्स यांच्या शोंडालँडने ती बनवली. नेटफ्लिक्सवर पहिलं पर्व २५ डिसेंबर २०२० रोजी आलं. दर पर्वात एका भावंडाचं लग्न जुळतं आणि पुढच्या पर्वात ते जोडपं मागच्या रांगेत जातं. घर मात्र तेच राहतं.

म्हणून माझं सांगणं असं की, पात्र समजून घ्यायचं तर त्याच्या प्रेमप्रकरणाच्या आधी त्याचं घरातलं स्थान बघा. थोरला की मधला, पदवी कोणाच्या नावावर, वडील आहेत की गेले, हुंड्याची सोय आहे का. आपल्याकडे स्थळ आलं की जे विचारतात तेच सगळं. एवढं कळलं की बाकीचं आपोआप कळत जातं.

आठ भावंडांची नावं लक्षात कशी ठेवायची?

आई-वडिलांनीच सोय करून ठेवली आहे. जन्माच्या क्रमाने इंग्रजी मुळाक्षरं आहेत: ए म्हणजे अँथनी, मग बेनेडिक्ट, कॉलिन, डॅफ्नी, एलोइज, फ्रान्सेस्का, ग्रेगरी आणि शेवटी एचवरून हायसिंथ. चार मुलगे, चार मुली.

अँथनी (जोनाथन बेली) थोरला, व्हायकाउंट, कर्ता. बेनेडिक्ट (ल्यूक थॉम्पसन) चित्रं काढतो आणि आपण कुठे बसतो हे शोधत फिरतो. कॉलिन (ल्यूक न्यूटन) प्रवासाला जातो आणि परत येऊन प्रवासाच्या गोष्टी सांगतो, ज्या ऐकायला घरात कोणालाच वेळ नसतो. त्या ऐकणारी, त्याची पत्रं वाचणारी एकच, समोरच्या घरातली पेनेलोपी. डॅफ्नी (फीबी डिनेव्हर) थोरली मुलगी, म्हणून पहिल्या पर्वाचा सगळा भार तिच्यावर. तिचं लग्न नीट झालं नाही तर मागच्या तिघींचीही लग्नं अडणार. एलोइज (क्लॉडिया जेसी) हिला लग्नच नको, पुस्तकं हवीत. फ्रान्सेस्का पियानोपाशी. ग्रेगरी आणि हायसिंथ अजून लहान, पण हायसिंथचे प्रश्न लक्ष देऊन ऐका. घरात जे कोणी बोलत नाही ते ती सरळ विचारते.

ड्यूक, अर्ल, व्हायकाउंट यांत मोठं कोण?

वरून खाली: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. ब्रिजर्टन चौथ्या पायरीवर आहेत. पहिल्या पर्वातला सायमन बॅसेट हा हेस्टिंग्जचा ड्यूक, म्हणजे पहिल्या पायरीवर. म्हणून डॅफ्नीचं त्याच्याशी लग्न होतं तेव्हा ती मानाने स्वतःच्या आईच्या आणि थोरल्या भावाच्याही वर जाते. फेदरिंग्टन बॅरन, म्हणजे शेवटच्या पायरीवर, आणि पोर्शिया फेदरिंग्टनच्या प्रत्येक हालचालीत ती पायरी दिसते.

यातली खरी मेख अशी की पदवी आणि तिला बांधलेली जमीन फक्त थोरल्या मुलाला मिळते. वाटण्या होत नाहीत. बेनेडिक्ट आणि कॉलिन नुसते 'मिस्टर ब्रिजर्टन'. मुलींना तर हुंडा मिळेल तेवढाच. अँथनीचं लग्न झालं की घराची व्हायकाउंटेस ही त्याची बायको. व्हायोलेट मागे सरते. तिसऱ्या पर्वात हे कारभार सोपवणं येतं, सासू-सुनेमध्ये कसलीही कटुता न येता, आणि मला ते फार आवडलं.

अँथनी सगळ्यांवर सतत का चिडलेला असतो?

याचं उत्तर दुसऱ्या पर्वाच्या तिसऱ्या भागात आहे आणि संपूर्ण मालिकेत मला सगळ्यात खोल गेलेला प्रसंग तोच. दहा वर्षांपूर्वी. गावाकडचं घर, ऑब्री हॉल. बाप-लेक शिकारीहून परत येतायत. वडील, एडमंड, बायकोसाठी फुलं तोडायला थांबतात. मानेवर मधमाशी चावते. दोन-चार मिनिटांत श्वास कोंडतो आणि ते दाराशीच कोसळतात. अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात बापाचं डोकं, आणि दारातून गरोदर आई धावत येते.

पुढचं त्याहून अवघड आहे. काही काळाने व्हायोलेट बाळंतपणात अडते आणि वैद्य बाहेर येऊन त्या मुलाला विचारतो: आई की बाळ, कोणाला वाचवायचं? कारण आता कर्ता तो. सुदैवाने दोघी वाचतात; ते बाळ म्हणजे हायसिंथ. त्या दिवसापासून अँथनीने ठरवलेलं असतं की लग्न करायचं ते कर्तव्य म्हणून, जीव लावायचा नाही, म्हणजे आपण गेलो तर आईसारखं कोणी मोडून पडणार नाही.

हे माहीत असेल तर बागेत दुसऱ्या पर्वाच्या नायिकेला, केटला, मधमाशी चावते तेव्हा तो एवढा का हादरतो ते कळतं. ती त्याचा हात धरून आपल्या छातीवर ठेवते: बघ, ठोके चालू आहेत. मालिकेत कोट-कॉलरवर, खिडकीपाशी, पर्वाच्या शेवटच्या चित्रात मधमाशी का दिसते असं विचारणारे खूप जण असतात. ती वडिलांची आठवण आहे.

दर पर्वात नायक-नायिका का बदलतात? आणि तो ड्यूक कुठे गेला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वर आलंच. ड्यूकचं काम करणारे रेजे-जाँ पेज यांचा करार एकाच पर्वाचा होता, कारण सायमनची गोष्ट एका पर्वातच पुरी होते. बोलताना अडखळतो म्हणून बापाने टाकलेला मुलगा, लेडी डॅनबरी या वजनदार विधवेने वाढवलेला, मरणाऱ्या बापाला 'हा वंश माझ्यापाशी संपेल' असं सांगून बसलेला. तो सूड सोडून देणं हाच त्याचा प्रवास. डॅफ्नी दुसऱ्या पर्वात भावाला चार समजुतीच्या गोष्टी सांगायला येते, नंतर दिसत नाही.

फेदरिंग्टन लोकांकडे एवढं लक्ष द्यायची गरज आहे का?

आहे, आणि मी तर म्हणेन की पोर्शिया (पॉली वॉकर) हे मालिकेतलं सगळ्यात नीट बांधलेलं पात्र आहे. पहिल्यांदा ती नुसती भडक वाटते. पिवळे-हिरवे झगमगीत कपडे, मुलींना पुढे ढकलणं, शेजारच्या घराच्या फिक्या निळ्या रंगांपुढे तर अजूनच उठून दिसणारं. पण तिचा हिशोब मांडून बघा. नवरा जुगारी. मुलींच्या हुंड्याचे पैसे त्याने उडवलेले. मुष्टियुद्धाची लढत ठरवून हरवण्याच्या व्यवहारात तो जीव गमावतो. तीन मुली, मुलगा एकही नाही, म्हणून घर जाणार लांबच्या नातेवाइकाकडे. तो नातेवाईक जॅक अमेरिकेतून माणकांच्या खाणीच्या बाता घेऊन येतो आणि तोही लबाड निघतो. पोर्शिया त्याला वाटेला लावते आणि पैसे ठेवून घेते. मग वारसाहक्काचा एक खोटा कागद तयार होतो: तिन्ही मुलींपैकी जिला आधी मुलगा होईल त्याच्याकडे पदवी जाईल.

ती लबाडी करते, हे खरंच. पण त्या काळात नवऱ्याच्या माघारी बाईच्या पायाखाली स्वतःची म्हणून जमीन नसायची, आणि हे पात्र ती गोष्ट जेवढी स्पष्ट दाखवतं तेवढी दुसरं कुठलंही दाखवत नाही. तिसऱ्या पर्वात ती आणि पेनेलोपी समोरासमोर बसून पहिल्यांदा खरं बोलतात, तेव्हा आई-मुलीत एवढं साम्य आहे हे लक्षात येतं.

थोरल्या दोघी, प्रुडन्स आणि फिलिपा, सुरुवातीला फक्त हसण्यापुरत्या असतात. पुढे त्यांनाही थोडं मन मिळतं.

लेडी व्हिसलडाउन कोण, आणि कोणाला केव्हा कळतं?

उच्चभ्रू समाजातल्या भानगडी छापणारं पत्रक या टोपणनावाने लिहिणारी ती पेनेलोपी फेदरिंग्टन (निकोला कॉफलन). मागून ऐकू येणारा भारदस्त आवाज ज्युली अँड्र्यूज यांचा आहे, म्हणून पहिल्या वेळी कोणी मोठ्या वयाची बाई असेल असं वाटतं.

क्रम असा. आपल्याला पहिल्या पर्वाच्या शेवटी कळतं, बग्गीत डोक्यावरचं आवरण मागे सरतं तेव्हा. एलोइजला दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, मैत्रिणीच्या खोलीतली लपवलेली पुंजी सापडते तेव्हा. कॉलिनला तिसऱ्या पर्वात, लग्न ठरल्यावर. आणि सगळ्या समाजाला त्याच पर्वाच्या शेवटी, पेनेलोपी बहिणींनी दिलेल्या मेजवानीत स्वतःच उभी राहून सांगते. मधे क्रेसिडा काउपर ही लग्नाला आलेली दुसरी एक मुलगी 'मीच ती' म्हणून पुढे येते, कारण राणीने बक्षीस लावलेलं असतं आणि क्रेसिडाला म्हाताऱ्याशी लागणाऱ्या लग्नातून सुटायचं असतं. तिच्या खोटेपणाचा राग येण्याआधी तिच्या बापाकडे एकदा बघा.

पेनेलोपी का लिहिते, याचं उत्तर पहिल्याच मेजवानीत आहे. ती भिंतीला टेकून उभी आहे, नाचायला कोणी विचारत नाही, आणि तिच्यासमोर लोक काहीही बोलतात कारण ती त्यांच्या हिशोबातच नाही. रात्री ती मोलकरणीचा वेश करून छापखान्यात जाते आणि आयरिश ढंगाने बोलते. कॉफलन स्वतः आयर्लंडच्या, गॉल्वेच्या, त्यामुळे तो तिचा घरचा सूर आहे.

तिने केलेलं नुकसान मात्र विसरू नये. फेदरिंग्टनांकडे राहायला आलेल्या मेरिना थॉम्पसनच्या पोटात मूल आहे हे तिनेच छापलं, आणि एलोइजला राणीच्या संशयातून वाचवायला तिनेच एलोइजची बदनामी केली. दोन्ही वेळा कारण सांगता येतं, पण घाव बसायचा तो बसतोच.

शर्मा बहिणी मुंबईच्या? आणि त्यांना खरंच मराठी येतं?

हो, मालिकेप्रमाणे त्या मुंबईहून १८१४ च्या सीझनसाठी, म्हणजे लग्नं जुळवायच्या मेजवान्यांच्या हंगामासाठी, लंडनला येतात. आणि हो, मराठीचं नाव येतं. लेडी डॅनबरी एडविनाचं शिक्षण तपासते तेव्हा केट लॅटिन, फ्रेंचसोबत मराठी आणि हिंदुस्तानी सांगते. एक वाक्य. मी ते तीनदा मागे नेऊन ऐकलं. जगभर पाहिल्या जाणाऱ्या मालिकेत, लंडनच्या दिवाणखान्यात, कोणी तरी अभिमानाने 'मराठी' म्हणावं याचा आनंद झाला, आणि तो लपवायचं कारण नाही.

नातं असं: केट (सिमोन अॅश्ली) ही वडिलांच्या पहिल्या लग्नाची मुलगी. एडविना (चरित्रा चंद्रन) दुसऱ्या लग्नाची, तिची आई मेरी. मेरी ही शेफिल्ड या उमराव घराण्यातली. तिने हुद्दा नसलेल्या हिंदी माणसाशी लग्न केलं आणि देश सोडला. आता वडील गेले. एडविनाने उमरावाशी लग्न केलं तरच आजी-आजोबा पैसे देणार, ही अट केटने एकटीने पोटात ठेवली आहे. केट आणि अँथनी एकमेकांवर एवढे का भडकतात त्याचं मूळ इथेच आहे. दोघंही बापाच्या माघारी घर ओढणारी थोरली मुलं. दोघांनी स्वतःला शेवटच्या पाटावर बसवलं आहे.

आता भाषेचा गोंधळ. एडविना बहिणीला 'दीदी' म्हणते, केट तिला 'बोन' म्हणते, जे बंगाली आहे. वडील 'अप्पा', आडनाव शर्मा, गाव मुंबई. भारतातल्या अनेकांनी हे कडबोळं आहे म्हणून नाकं मुरडली आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. वाद्यांच्या यादीत सतारीबरोबर 'मरुली' म्हणून काही तरी आहे, तसं वाद्य आपल्याकडे नाही. मुरली म्हणायचं असावं. 'आप्पा' मात्र आपल्याही घराघरांत आहेत, तेवढ्यापुरतं मला खटकलं नाही.

इतिहासात हे बसतं का? मराठी येणं अगदी बसतं. १८१४ मध्ये मुंबई बेटं कंपनीकडे होती, पण पुण्यात अजून दुसरा बाजीराव गादीवर होता. पेशवाई बुडायला चार वर्षं बाकी होती. मुंबईत कारकुनी करणाऱ्याला मराठी लागणारच. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूरला छापून झालं होतं आणि १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरून मराठी शिकायला बसले होते. सुएझ कालवा नव्हता, तो १८६९ चा. म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने बोटीवर. एवढ्या प्रवासानंतर एक सीझन फुकट जाणं म्हणजे काय, हे केटच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

चहा मात्र बसत नाही. केट वेलची-लवंग घालून चहा करते आणि इंग्लंडच्या चहाला नावं ठेवते. प्रसंग गोड आहे, पण तेव्हाचा चहा चीनमधून यायचा. आसामात लागवड सुरू झाली १८३० च्या दशकात आणि आपल्या स्वयंपाकघरांत चहाचं आधण रोज चढायला लागलं ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

मला जे पटलं ते शब्दांपेक्षा हातांचं काम. केट एडविनाच्या केसांना तेल चोळते तो प्रसंग आठवा. बोलणं चालू आहे, बोटं टाळूवरून फिरतायत, धाकटी डोळे मिटून बसली आहे. मग लग्नाआधीची हळद: तिघीच बायका, एकमेकींच्या गालांना-हातांना हळद लावतायत, मागे 'कभी खुशी कभी गम'ची धून नुसत्या वाद्यांवर. इंग्लंडच्या त्या परक्या घरात माहेरपण एवढंच उरलंय. पुढे अँथनी आणि एडविनाचं लग्न लागत असताना वेदीपाशी केटच्या हातातलं कंकण खाली पडतं, अँथनी ते उचलून देतो, आणि त्या क्षणी एडविनाला सगळं कळतं. एडविनावर मालिकेने थोडा अन्याय केला असं मला आजही वाटतं.

राणी शार्लट खरी होती का?

होती. जर्मनीतल्या मेक्लेनबर्ग-स्ट्रेलिट्झची राजकन्या, जन्म १७४४. १७६१ च्या सप्टेंबरमध्ये सतरा वर्षांची असताना लंडनला पोचली आणि त्याच दिवशी तिसऱ्या जॉर्जशी तिचं लग्न लागलं. पंधरा मुलं झाली. आठ वर्षांचा मोझार्ट तिच्यापुढे वाजवून गेला होता आणि त्याने सहा सोनाटा तिला अर्पण केले. ती तपकीर ओढायची आणि पोमेरेनियन कुत्रे पाळायची. मालिकेत या दोन्ही गोष्टी दिसतात.

राजाचा आजारही खरा. १८११ मध्ये तो राज्य करण्याच्या स्थितीत उरला नाही म्हणून थोरला मुलगा रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, झाला. तिथून १८२० पर्यंतचा काळ म्हणजे रीजन्सी. मालिकेत रीजंट जवळजवळ नाहीच, सगळी सत्ता राणीच्या उंच टोपांखाली आहे. लोकांच्या लग्नांत ती एवढं लक्ष का घालते, याचं उत्तर पहिल्या पर्वात एकाच छोट्या प्रसंगात आहे. जेवणाच्या टेबलावर जॉर्ज भानावर असतो, मुलीविषयी विचारतो, आणि ती गेली आहे हे राणीने सांगताच तो तिच्यावरच उलटतो. गोल्डा रोशुव्हेल यांचा चेहरा तेव्हा बघावा. घरी हे असताना माणूस बाहेर कशात तरी मन गुंतवणारच.

लेडी डॅनबरीच्या हातात एवढी सत्ता कशी?

तिच्याकडे त्या समाजातल्या बाईला मिळू शकणारी सगळ्यात मोकळी जागा आहे: श्रीमंत विधवा, वर कोणी पुरुष नाही. २०२३ मध्ये आलेल्या सहा भागांच्या 'क्वीन शार्लट'मध्ये तिचं तरुणपण दिसतं. लहानपणीच म्हाताऱ्याला देऊ केलेली, त्याच्या आवडीचा रंग स्वतःचा मानून वाढलेली मुलगी, जिला नवरा गेल्यावर कळतं की आपल्याला स्वतःला काय आवडतं हेच ठाऊक नाही. अजोआ अँडोह काठी आपटतात तेव्हा ते सगळं त्या आवाजात असतं.

तेव्हाच्या लंडनमध्ये कृष्णवर्णीय ड्यूक होते?

नव्हते. ही मालिकेची कल्पना आहे: राजाने कृष्णवर्णीय राणी केली आणि तिच्याबरोबर इतरांनाही पदव्या मिळाल्या. शार्लटचे दूरचे पूर्वज आफ्रिकी वंशाचे असावेत असा एक तर्क मांडला गेला आहे, बहुतेक इतिहासकारांना तो पटत नाही. पण लंडनमध्ये कृष्णवर्णीय माणसं होती, पुष्कळ होती. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला बिल रिचमंड तिथे नावाजलेला मुष्टियोद्धा होता. ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला १८०७ मध्ये, गुलामी मोडायचा कायदा आला १८३३ मध्ये. मालिका या सगळ्याला वळसा घालून जाते. मला स्वतःला ती कल्पना मान्य आहे, कारण सुंदर कपडे घालून प्रेमात पडायचा हक्क पडद्यावर फार दिवस ठरावीक चेहऱ्यांनाच होता.

फ्रान्सेस्का बदललेली का दिसते?

अभिनेत्री बदलली. आधी रूबी स्टोक्स, तिसऱ्या पर्वापासून हॅना डॉड. याच पर्वात तिचं लग्न जॉन स्टर्लिंगशी होतं. दोघं शेजारी बसून काहीही न बोलता सुखात असतात, आणि आई व्हायोलेटला तेच कळत नाही, कारण तिचं स्वतःचं प्रेम गडगडाटी होतं. पर्वाच्या शेवटी जॉनची चुलत बहीण मिकेला येते आणि फ्रान्सेस्काला स्वतःचं नाव नीट सांगता येत नाही. कादंबरीत इथे मायकल हा पुरुष आहे. वाचकांपैकी काहींना हा बदल फार लागला. बाकीची गोष्ट कशी उलगडते ते पाहूनच मत बनवावं.

पदवी नसलेल्या माणसांचं काय?

विल मॉन्ड्रिच मुष्टियोद्धा, मग क्लब काढतो, आणि तिसऱ्या पर्वात बायकोच्या नात्यातून मुलाला बॅरनपद मिळतं. त्यानंतर 'तुम्ही काम करता?' अशा नजरा झेलतो. मादाम डेलाक्रोआ शिलाईचं दुकान चालवते आणि तिचं फ्रेंच बोलणं गिऱ्हाइकांसाठी असतं. छापखान्यातला थिओ शार्प एलोइजला पत्रकं वाचायला देतो; ते नातं पुढे गेलं असतं तर तिला तिच्याच बोलण्याची किंमत मोजावी लागली असती.

चौथं पर्व, जे २०२६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोन भागांत आलं, ते या बाजूला पहिल्यांदा मध्यभागी आणतं. बेनेडिक्टला मुखवट्यांच्या मेजवानीत चंदेरी पोशाखातली मुलगी भेटते. ती सोफी बेक, एका अर्लची अनौरस मुलगी, सावत्र आईने मोलकरीण करून ठेवलेली. या पर्वात जिन्याखालचं घर दिसतं, म्हणजे ते सगळे नाच ज्यांच्या हातांवर उभे आहेत ती माणसं.

कोणत्या क्रमाने पाहावं?

पहिली दोन पर्वं, मग 'क्वीन शार्लट', मग तिसरं आणि चौथं. प्रदर्शित झाली तशीच. कादंबऱ्यांचा क्रम थोडा वेगळा आहे. कॉलिनची गोष्ट चौथ्या पुस्तकात आणि बेनेडिक्टची तिसऱ्या, मालिकेने ती अदलाबदल केली. लहान मुलांसोबत बसू नये, शृंगाराचे प्रसंग मोकळे आहेत.

छोट्या पात्रांपैकी कोणाकडे लक्ष ठेवावं?

ब्रिम्स्ली. राणीच्या मागे ठरावीक पावलांवर चालणारा तो सेवक. मुख्य मालिकेत तो भुवया उंचावण्यापलीकडे फारसं काही करत नाही. 'क्वीन शार्लट'मध्ये कळतं की तरुणपणी राजाचा सेवक रेनल्ड्स आणि तो एकमेकांचे होते. शेवटच्या भागात आत मेजवानी चालू आहे, बाहेर अंधाऱ्या बागेत ते दोघं नाचतायत. मग चित्र बदलतं. तीच बाग, वय झालेला ब्रिम्स्ली, हात तसेच कोणाला तरी धरल्यासारखे उचललेले, आणि तो एकटाच गिरकी घेतो. रेनल्ड्सचं काय झालं हे कोणी सांगत नाही. त्यानंतर पहिलं पर्व पुन्हा लावा आणि राणीच्या मागे उभा असलेला तो माणूस बघा.